सुशीलाताईंचा गळका कप

फुटलेली चिनी मातीची भांडी सांधून देणारा माणूस म्हणून पुण्यात मला थोडेफार लोक ओळखतात. हाच माणूस धडधाकट कप मुद्दाम फोडायचा, हे मात्र गेल्या महिन्यापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. दुकानाच्या मागच्या खोलीतून खळ्ळकन आवाज आला, की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "परत हात निसटला का?" मी "हो" म्हणायचो. सारखा हात निसटणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाइकं वाढतातच कशी, हा प्रश्न तिला पडला असणार. पण आमच्याकडे असे प्रश्न लगेच विचारत नाहीत. ते राखून ठेवतात आणि योग्य वेळी काढतात.

संपादकांनी "तुमच्या कलेविषयी लिहा" असं सांगितलं होतं. कला हा शब्द माझ्या कामाला फार उशिरा चिकटला, आणि तो चिकटला तिथपासूनच माझं काम बिघडलं. तेव्हा आधी काम सांगतो, मग बिघाड.

आम्ही तांबट. कसब्यातल्या आमच्या आळीत हंडे आणि बंब घडायचे. स्टील आलं तशी ती ठोकाठोक थंडावली. माझ्या वडिलांनी मग तांबं ठोकायचं सोडून चिनी माती सांधायचं धरलं. कप फुटून दोन तुकडे झाले, तर ते नीट जुळवून दोऱ्यानं आवळून बांधायचे. चिरेच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या अंगानं बारीक भोकं पाडायची, तीही आरपार नाही, निम्म्या जाडीपर्यंतच. हिऱ्याची कणी बसवलेलं गिरमिट दोरीनं फिरवत राहायचं आणि वरून पाण्याचा थेंब सोडत राहायचं. भोक आरपार गेलं की कपही गेला आणि गिऱ्हाईकही. मग पितळी तार चपटी करून तिचा टाका करायचा, कागदाला मारतात त्या पिनेसारखा, टोकं आत वळवलेला. टाका भोकांमधल्या अंतराहून किंचित आखूड ठेवायचा आणि तापवून बसवायचा. निवताना तो आखडतो आणि दोन्ही तुकड्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. शेवटी चिरेत चुना आणि अंड्याचा पांढरा बलक यांचं लुकण भरायचं. असा कप उकळत्या चहालाही दाद देत नाही.

वडिलांच्या काळी सांधलेलं भांडं लोक फडताळात टाक्यांची बाजू भिंतीकडे करून ठेवायचे. आपल्या घरात काही फुटतं आणि आपण ते फेकत नाही, या दोन्ही गोष्टी पाहुण्यांना कळू नयेत म्हणून. एक सदाशिवपेठी गृहस्थ दरवेळी विचारायचे, "टाके दिसणार का हो?"

वडील म्हणायचे, "दिसणार."

"मग पैसे कसले घेता?"

पुढे देशाची दारं उघडली आणि बाजारात स्वस्त मगांचा पूर आला. चहाच्या पुड्यावर मग फुकट. फुकटच्या मगाला टाके कोण घालून घेणार? त्या वर्षांत मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या, कुकरच्या मुठी बसवल्या. वडील गेले तेव्हा गिरमिटाची दोरी कुजली होती.

मग खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तिथे काम करणाऱ्यांना जुनं हवंसं वाटू लागलं. स्वतःच्या घरचं जुनं त्यांनी केव्हाच भंगारात दिलेलं होतं, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांचं जुनं लागायचं. त्यांच्या वतीनं माझ्याकडे तन्वी आली. ती या लोकांची घरं आणि ऑफिसं सजवून द्यायची. दुकानात पाऊल टाकताच तिनं फळीवरचं एक टाके घातलेलं ताट छातीशी धरलं.

"ओ माय गॉड, काका! हे व्हिजिबल मेंडिंग आहे!"

"नाही, ताट आहे."

"जपानमध्ये सोन्यानं सांधतात, माहितीये ना?"

"आमच्याकडे पितळ परवडायचं."

"पण त्याच्यामागे केवढी फिलॉसॉफी आहे, काका!"

"आमच्यामागे गिऱ्हाईक असायचं. संध्याकाळपर्यंत द्या म्हणून."

माझ्या तिरकस बोलण्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. उलट ते अस्सल आहे असं म्हणून तिनं मोबाइलवर माझा फोटो काढला. दुकानातलं सांधलेलं सगळं ती घेऊन गेली. बिनफुटक्या बश्यांकडे तिनं पाहिलंही नाही. पुढच्या खेपेला माझ्याकडे सांधलेलं काही उरलं नव्हतं आणि जुन्या बाजारातून आणलेल्या अखंड बश्यांची मात्र खोकी पडून होती.

पहिली बशी खरंच हातातून पडली. ती सांधली, विकली गेली. दुसरी पडली असं म्हणायला थोडीफार जागा आहे. तिसऱ्या बशीबद्दल मी काही बोलत नाही. पुढे त्यात कसब आलं. काचकापीनं रेघ ओढून वर उकळतं पाणी सोडलं, की चीर हवी तिथून जाते. कडक चहात बुडवून ठेवली, की ती जुनाट दिसते. टाके नवसागराच्या पाण्यात घातले, की पितळ काळवंडतं. वडिलांनी आयुष्यभर फुटलेलं न फुटल्यासारखं वागवलं. मी न फुटलेलं पन्नास वर्षांपूर्वी फुटल्यासारखं करू लागलो. कलावंत म्हणून माझं नाव होऊ लागलं ते याच दिवसांत.

खराडीचं एक तरुण जोडपं तर लग्नात आलेला अख्खा टी-सेट घेऊन आलं. "यातले दोन-तीन रिपेअर करून द्याल?"

"पण हे चांगले आहेत."

"हो, म्हणजे आधी फोडून."

"कुठून फोडू?"

ती म्हणाली, "नॅचरल वाटलं पाहिजे." तो म्हणाला, "आणि वॉरंटी असेल ना?"

"कशाची? फुटल्याची?"

दोघंही हसली नाहीत.

त्याच दिवसांत सुशीलाताई ओव्हाळ आल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्टार्च केलेली पांढरी साडी, बोलणं मोजकं. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून टॉवेलची गुंडाळी, आणि त्यातून एक कप. पांढरा, काठाला निळी रेघ. असे कप एके काळी घरोघरी असायचे. बशी नव्हती. काठापासून तळापर्यंत चीर, तिच्यावर मोठाले वाकडेतिकडे टाके. एक टाका निघून आला होता, तो त्यांनी कागदाच्या पुडीत जपून आणला होता.

"हा निसटलाय. एवढा बसवा. बाकी कशालाही हात लावू नका."

"लुकण भरून देतो. म्हणजे गळायचा नाही."

"भरू नका. धुऊसुद्धा नका."

"चहा प्यायचा नाही का यातून?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पावती द्या."

हा कप माझ्या टेबलावर होता तेव्हाच तन्वी परागसरांना घेऊन आली. परागसर म्हणजे खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. वयानं माझ्याहून लहान, पण सर. नव्या ऑफिसात रिसेप्शनच्या मागच्या भिंतीत त्यांनी कोनाडे करून घेतले होते. प्रत्येक कोनाड्यात एक सांधलेली वस्तू, वर छोटा दिवा, खाली कार्ड. तुटूनही उभं राहायचं, हा म्हणे कंपनीचा संदेश होता. (पुढे त्याच वर्षी मंदी आली आणि निम्मी माणसं कमी केली. त्यांना निरोप त्याच भिंतीसमोर उभं करून दिला, असं तन्वीनंच मला सांगितलं.)

मी त्यांच्यापुढे माझा सगळा माल मांडला. ते बघत गेले, ताट कुठलं नि बशी कुठली ते विचारत मान हलवत गेले, आणि माझ्या टेबलाशी येऊन थांबले.

"हा. मधल्या कोनाड्यात हाच."

"तो विकायचा नाही, सर. दुरुस्तीला आलाय."

"तुमच्या बाकीच्या वस्तू छान आहेत, पण फार नीट आहेत. हा बघा ना, किती रॉ आहे." आणि तन्वीकडे वळून, "हा नसेल तर बाकीचंही राहू दे."

मला आजही याचं नवल वाटतं. ताट आणि बशी यांतला फरक ज्याला सांगावा लागला, त्या माणसानं माझ्या दुकानातली एकुलती एक खरी वस्तू बरोबर ओळखली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो लोभापेक्षा अपमानाचा होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे दोन्ही होतं.

मी म्हणालो, "शनिवारी या."

तसले निळ्या रेघेचे कप माझ्या खोक्यात होतेच. चीर जुळेपर्यंत फोडत राहिलो. किती फोडले ते विचारू नका. बायकोनं एकदा आत डोकावून "आज हात बराच निसटतोय" एवढं म्हटलं आणि गेली. चीर जुळली, पण टाके जुळेनात. आमच्या हाताला वाकडा टाका घालता येत नाही. डावखुऱ्याला उजव्या हातानं सही करायला सांगावी, तसं माझं झालं. बाहेरून कसाबसा ओबडधोबडपणा आणला. पण भोकांच्या आत, जिथे कोणी बघणार नव्हतं, तिथे टाक्यांनी वडिलांनी शिकवली होती तशीच पकड घेतली. आणि अखेरीस, सवयीनं, मी चिरेत लुकण भरलं. बारीक, दिसणार नाही असं. लबाडी करायला बसलो होतो, तीही मला धड ओबडधोबड करता आली नाही.

शनिवारी तन्वी आली. "काका, या कपाची स्टोरी काय?"

"स्टोरी?"

"कार्डावर लिहायला. बाकीच्यांच्या दिल्यात ना तुम्ही."

दिल्या होत्या. या भिंतीपायी मी दोन राजघराणी आणि एक विलायती गव्हर्नर तयार केले होते. मी म्हणालो, "लिही, एका सरदारांचा कप. त्यांचा इतका लाडका, की फुटल्यावरही त्यांनी टाकू दिला नाही. टाके घालून घेतले आणि अखेरपर्यंत त्याच कपातून चहा प्यायले."

"सो स्वीट!" म्हणत ती खरा कप घेऊन गेली.

सोमवारी सुशीलाताई आल्या. मी माझा कप पुढे ठेवला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"सगळेच टाके घट्ट बसलेत की."

"हो. आता हलायचे नाहीत."

त्यांनी कप टॉवेलात गुंडाळला, डब्यात ठेवला, आणि माझ्यावर विश्वास बसल्यासारख्या स्टुलावर बसल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

त्यांचं गाव पुण्याजवळच्या मांजरीच्या पलीकडचं. वडील, म्हणजे आबा, तिथल्या एका बागायतदाराकडे उसात राबायचे. दुपारी चहा मिळायचा. घरातला कप नाही. हा कप गोठ्याच्या भिंतीत, बाहेरच्या बाजूला, एका कोनाड्यात पालथा असायचा. आबांनी तो काढायचा, वरून कोणीतरी चहा ओतायचं, प्यायचा, विसळायचा, परत पालथा घालायचा. चिरेतून चहा गळायचा, म्हणून एका हातात कप आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरून आबा घाईघाईनं प्यायचे. लहानपणी सुशीलाताई बरोबर असल्या की आबा तळहातावरचा चहा त्यांना चाटायला द्यायचे. त्यांना ती तेव्हा गंमत वाटायची.

छप्पन साली आबा दीक्षेसाठी नागपूरला जायला निघाले. आदल्या दिवशी त्यांनी चहा घेतला, कप विसळला, आणि कोनाड्यात ठेवायच्या ऐवजी पटक्यात बांधून घरी आणला. संध्याकाळी मालकाचा माणूस दारात हजर.

"कप चोरलास व्हय रं?"

"चोरला कसा?" आबा म्हणाले. "माझाच व्हता की. दुसरं कोन पीत व्हतं का त्यातनं?"

हे सांगताना सुशीलाताई अगदी आबांच्या सुरात बोलल्या आणि हसल्या. पुढे आबांनी घरासाठी सगळ्यांत आधी विकत घेतली ती कपबश्यांची नवी जोडी. हा कप मात्र फळीवर, टाक्यांची बाजू समोर करून ठेवला. घरातल्या पोरांना दटावलेलं होतं, हा बघायचा, यातून प्यायचं नाही.

मी मान हलवत ऐकत होतो. आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यांत जड जातंय.

सुशीलाताईंनी सांगितलं नसतं, तरी मला माहीत होतं. टॉवेल सोडला तेव्हाच कळलं होतं. आमच्या धंद्यात अशा दुरुस्तीला नाव होतं. वडिलांच्या दुकानात लोक फुटका कप घेऊन यायचे आणि सांगायचे, "बाहेरचं काम आहे." म्हणजे हा कप घरात राहायचा नाही, गडीमाणसांसाठी बाहेर जायचा. कोणत्या गडीमाणसांसाठी, तेही कोणी उलगडून सांगायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. बाहेरच्या कामाला टाके थोडे, मोठे, हाताला येतील तसे. लुकण नाही. गळला तर गळला. त्याची मजुरी कमी, आणि वडील ते काम बिनबोभाट घ्यायचे. लहानपणी अशा कामावरच माझा हात बसला, कारण बिघडलं तरी चालायचं. नीटनेटका टाका मी शिकलो तो कोणाच्या तरी गळक्या कपावर.

तर, तो कप काय आहे हे ओळखून मी तो विकला. आणि कोणासाठी होता हे ओळखूनच तो सरदाराच्या हातात दिला.

सुशीलाताई उठल्या, पैसे दिले. मीही ते घेतले.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. विश्रांतवाडीला त्यांच्या वस्तीतल्या वाचनालयात त्या मुलांपुढे आबांची गोष्ट सांगायच्या, कप दाखवायच्या. या वेळी कप दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा सत्कार करायचं ठरलं होतं. टाळायला मी आजारपण, गावाला जाणं, बायकोचं आजारपण, सगळं काढलं. त्या म्हणाल्या, "मग तारीख बदलू."

गेलो. पहिल्या रांगेत बसलो. मला शाल घातली, एक पुस्तक दिलं. टाळ्या झाल्या. मग सुशीलाताईंनी गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "आता बघा, आबा चहा कसे प्यायचे." त्यांनी तांब्यातलं पाणी कपात ओतलं, कप उचलला आणि तळवा खाली धरला.

कप गळेना.

त्यांनी थोडा हलवला. एक थेंब पडला नाही. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "आजी, नाही गळत." सुशीलाताईंनी कप डोळ्यांजवळ नेला, चिरेवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी शालीच्या घडीकडे बघत होतो.

"आपले पाहुणे फारच चांगले कारागीर आहेत," त्या मुलांना म्हणाल्या. "आबांना जे सोसावं लागलं, ते यांनी बुजवून टाकलंय." लोक हसले. पुन्हा टाळ्या झाल्या, याही मलाच.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या दुकानात.

"सुधीरभाऊ, मी म्हटलं होतं ना, भरू नका."

"सवयीनं झालं."

"मग आता गळका करून द्या."

इतक्या वर्षांत असं काम घेऊन कोणी आलं नव्हतं. सांगायची वेळ ती होती. माझ्यापुढे कप होता, समोर त्या होत्या, दुकानात तिसरं कोणी नव्हतं. मी सुई घेतली आणि लुकण कोरू लागलो. त्या पाणी ओतून बघत होत्या. "इथून नाही. आबांच्या अंगठ्यापाशी गळायचा. जरा खाली. हां." मी टाका सैल केला. पाण्याचा थेंब चिरेत जमला, फुगला आणि पडला. सुशीलाताईंनी आपोआप हात खाली धरला होता. ओल्या तळव्याकडे त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असंच."

त्यांच्या आबांनी ज्याला कधी हातही लावला नव्हता, असा कप मी त्यांना आबांच्या अंगठ्यापाशी गळता करून दिला.

पुढची वर्षं हा कार्यक्रम दर वर्षी होत राहिला. मुलं येत, कप गळे. सुशीलाताई माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवत, "प्रामाणिक माणूस आहे" अशी शिफारस करून. ती माणसं तसं माझ्या तोंडावर सांगायची. तन्वी दुसऱ्या कुठल्या फॅशनकडे वळली आणि फोडायचं काम आपसूक थांबलं. मी थांबवलं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या महिन्यात संपादकांसाठी लिहायला बसलो. गमतीजमतीचं बरंच लिहून झालं, आणि मग पेन पुढे सरेना. कागद तसेच ठेवले आणि विश्रांतवाडीला गेलो.

"बसा," सुशीलाताई म्हणाल्या. आता त्यांना गुडघ्यांमुळे उठवत नाही.

"आधी सांगतो, मग बसतो," मी म्हणालो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुम्हाला ओळखू आला नव्हता, कशाचा कप आहे तो?"

"आला होता."

"म्हणजे मी आबांचं सांगत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही मान हलवत होतात."

"हो."

"छान हलवत होतात हो. मला वाटलं, भला माणूस आहे."

त्यांनी विचारलं, "तिकडे कुठे ठेवलाय?"

"कोनाड्यात. वर दिवा सोडलाय. खाली कार्ड आहे."

"काय लिहिलंय?"

तेही सांगितलं. त्या हसू लागल्या. "सरदारांचा लाडका! आबा असते तर..." आणि एकदम थांबल्या. "या पोरांना मी इतकी वर्षं हाच दाखवला. ती घरी जाऊन सांगतात, आम्ही आबांचा कप पाहिला. त्यांना आता काय सांगू?"

मग त्यांनीच ठरवलं.

"तुम्ही सांगायचं. खरा कप आणायचा, पोरांसमोर दोन्ही ठेवायचे, आणि तुम्ही उभं राहून सांगायचं. तोवर कार्यक्रम बंद. आणि हे सगळं छापा. माझं नाव घालून छापा. माझ्या आबांचं काही लपवण्यासारखं नाही."

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा आला तो फळीवरच्या त्या कपात, माझ्या कपात. "घ्या," सुशीलाताई म्हणाल्या, "तुम्हीच केलाय." चहा अंगठ्यापाशी गळत होता. पँटवर पडू लागला तसा मी तळवा खाली धरला. त्या माझं पिऊन होईपर्यंत बघत होत्या. पिऊन झाल्यावर कप विसळायला उठलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. आमच्याकडे पाहुण्यांना विसळायला लावत नाहीत."

त्यानंतर परागसरांना गाठलं. ती कंपनी आता खराडीतल्या इमारतीत नाही. बरीच माणसं घरून काम करतात, सरही. मोबाइलवर त्यांचा चेहरा दिसला आणि त्यांच्या पाठीमागे फळीवर, छोट्या दिव्याखाली, कप. मी त्यांना सगळं सांगितलं. कप कोणाचा, कोणासाठी टाके घातलेला, मी काय केलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. डोळे पाणावलेसुद्धा.

"वॉव," ते म्हणाले. "सुधीरजी, ही स्टोरी तर आधीच्यापेक्षा कितीतरी पॉवरफुल आहे. कार्ड बदलू या आपण. लिहून पाठवाल? थोडक्यात."

"सर, कप परत हवा आहे."

"तो सोडून काहीही मागा. मंदीत मला त्या कपानं उभं केलंय. त्याच्याशी माझं इमोशनल कनेक्शन आहे." मग थोडं थांबून, "ताईंनाच आमच्याकडे बोलवू या ना. आमच्या लोकांशी ऑनलाइन बोलतील. कप इथे माझ्यामागे दिसेलच."

मी हा निरोप सुशीलाताईंना दिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचा कप आम्ही अजून लांबूनच बघायचा." आणि फोन ठेवला.

मी परागसरांना परत फोन केला, परत नकार आला. त्यांच्या घरी जाऊन आलो, फाटकावरच्या रखवालदारानं वर कळवलं आणि वरून "मीटिंगमध्ये आहेत" असं उत्तर आलं. पुन्हा जाणार आहे. हे छापलं की अंक घेऊन जाणार आहे. माझी नालस्ती त्यांनी वाचावी, म्हणजे कदाचित त्यांना आपल्या कपाची थोडी लाज वाटेल. न वाटली तरी जातच राहणार आहे.

वाचनालयातला कार्यक्रम या वर्षी झाला नाही. सुशीलाताई ओव्हाळांना त्यांच्या आबांचा कप मी देणं लागतो. तो अजून दिलेला नाही.